कडा

घाटाच्या तोंडाशी स्कूटी लावून
दीड तास उभी होते, हस्ताच्या ढगांच्या मर्जीवर.
मराठवाडा तिथे संपतो. एकदम.
बोलता बोलता कुणी उठून जावं तसा.
खाली खानदेश, धूसर,
आणि मधे नुसती हवा.

आमचे डोंगर बसके. शिखर नाही, सुळका नाही,
माथा आधीच कुणी कातरून नेलेला.
म्हणून मी आभाळाला दोन वाटे देते, डोंगराला एक.
हे मुकर्रमभाईंनी शिकवलेलं.
लेकीच्या, तस्नीमच्या, लग्नपत्रिकेतून त्यांनी दोन काटकोन कापले होते,
त्यांवर चंदेरी वेल अजून आहे.
ते फोटोवर सरकवत म्हणायचे,
मधल्याला श्वास घेऊ दे, कडेचं गबाळ काढ.

सहाला तीन मिनिटं कमी असताना
ढगाला भोक पडलं.
उजेडाचे तीन खांब थेट दरीत उतरले
आणि एकच क्लिक हाती लागला.

रात्री दुकानात
पीकविम्याचे, शाळेचे, एका मयताचे
पासपोर्ट फोटो कापून झाल्यावर
मी तो उघडला.
डावीकडून विजेचा खांब गेला, तारांसकट.
खालून रस्ता गेला. उजवीकडून
माझ्याच स्कूटीचा आरसा, मेणकापड पांघरलेली
सीताफळवाली, तिची टोपली.
उरले फक्त डोंगर आणि उजेड,
जणू तिथे कधी कुणी गेलंच नव्हतं.

मुकर्रमभाईंच्या डोळ्यांत आता मधोमध काळा डाग आहे.
घाटीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधलं परत येणार नाही,
बाजूचं राहील.
समोर बसलं तर माझा चेहरा त्यांना दिसत नाही,
कान दिसतात, दारातली चप्पल दिसते.
कोंबडी दाणा पाहते तशी मान तिरपी करून
त्यांनी प्रिंट पाहिली.
बराच वेळ.
"ह्यात काही नाही गं, बेटा."

मला राग आला. तीन खांब होते उजेडाचे!
मी घरी जाऊन न कापलेला फोटो आणला,
त्यांना खोटं पाडायलाच खरं तर.
त्यांनी तो नाकाशी धरला, हळूहळू फिरवला,
आणि हसले.
"खांबावर कोतवाल बसलाय.
आरशात तुझी ओढणी उडतीय.
आणि ही टोपलीवाली,
आभाळाकडं नाही, तुझ्याकडं बघतीय."

मी पाहिलं नव्हतं.
काढताना नाही, कापताना तर नाहीच.

कड म्हणजे काठ. कडे म्हणजे बाजूला.
कडा म्हणजे जिथून पडलं की माणूस संपतं.
कडेवर तर आपण लेकरू घेतो.
एवढ्याशा शब्दात एवढी माणसं आणि मी
बोटभर पट्ट्या कापून
टोपलीत टाकत आले अकरा वर्षं.

तहसीलच्या साहेबांना मात्र कापलेलाच दिला.
अठरा बाय बारा, फ्रेमसकट.
पैसे मिळाले, कौतुकही झालं.
ते आभाळ त्यांच्या खुर्चीमागे आहे, बरोबर मध्यावर.

रविवारी पुन्हा घाटात गेले.
ढग नव्हते. निळं, कोरं, कुणालाही न विचारणारं आभाळ.
ती होती. टोपलीत सीताफळं, डोळे उघडलेली.
मी तिला मोबाइलवर सगळं दाखवलं,
हा खांब, हा आरसा, ही तुम्ही.
म्हटलं, त्या दिवशी माझ्याकडे बघत होतात?

"बघू नाही तर काय," ती म्हणाली,
"दीड तास तुमची गाडी माझ्या टोपलीपुढं.
येणाऱ्याजाणाऱ्याला मी दिसतच नव्हते."
आणि मग हातानंच,
मुकर्रमभाई काटकोन सरकवायचे तसा,
"आता तरी जरा
तिकडं सरका."